चार चेहरे, चार पाठी

जिल्ह्याच्या गावात पेपरसाठी फोटो काढणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी पाहुण्याची वेळ विचारावी लागते. खेळाची वेळ कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पाहुणा येणार, नारळ फुटणार, पाहुणा मैदानात जाऊन खेळाडूंशी हात मिळवणार, तेवढ्यात आपण चार फोटो मारायचे आणि गाडीला किक मारून पुढचा कार्यक्रम गाठायचा. तीस वर्षं मी हेच केलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझा स्टुडिओ. पोटासाठी पासपोर्ट, लग्नं आणि बारशी. हौसेसाठी एका दैनिकाच्या जिल्हा पानाचे फोटो. आता स्टुडिओ पुतण्या बघतो. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून जुन्या हार्डडिस्क चाळत असतो.

या अंकाच्या संपादिकाबाईंनी फोन करून विचारलं, तुमच्या कामातला न विसरता येणारा फोटो कोणता? त्यांना वाटलं असेल, मी एखाद्या मंत्र्याचा नाहीतर पुराचा फोटो सांगेन. मला आठवला तो एक वाईट फोटो. वाईट म्हणजे हललेला नाही. प्रकाश छान, सगळे चेहरे स्वच्छ, पानावर चार कॉलम छापून आलेला. त्या फोटोपायी एका मुलीची नोकरी अडकली. ते सांगण्याआधी धंद्यातल्या एकदोन गोष्टी उलगडून सांगतो, म्हणजे मी मूर्ख होतो की लबाड, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

खेळाचा चांगला फोटो काढायचा तर जमिनीवर बसावं लागतं. गुडघे टेकायचे, जमलं तर कोपर मातीत रोवायचं आणि कॅमेरा खेळाडूच्या कमरेखाली न्यायचा. मग खेळाडू उंच दिसतो, पाठीमागे आभाळ येतं, मांडव आणि खुर्च्या फोटोतून निघून जातात. मुलांच्या कबड्डीला मी असाच बसायचो. घरी गेलो की बायको माझ्या पँटीचे गुडघे बघायची आणि म्हणायची, "आज पोरांच्या मॅचा होत्या वाटतं." मुलींच्या मॅचवरून आलो तर पँट सकाळी घातली तशीच इस्त्रीची. मुलींचे फोटो मी उभ्यानं काढायचो. हे तिच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही. तुला कसं कळतं, असं मी तिला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

याला एक कारण सांगता येतं. आपल्याकडे स्पर्धेत मुलींचे सामने सकाळीच उरकून घेतात. पोरी दिवसाउजेडी घरी पोचल्या पाहिजेत, असं आयोजक म्हणतात आणि त्यात काही चूक आहे असं कोणालाच वाटत नाही. मुलांचा मोठा सामना मात्र संध्याकाळी पाचला, पाहुण्यांच्या समोर. मी येणार पाहुण्यांच्या गाडीमागे. म्हणजे मला दिसायचा मुलांचा खेळ आणि मुलींचं बक्षीस. तोवर मुली तोंडं धुऊन, वेण्या नीट करून, ढाल कोणी धरायची यावरून कुजबुजत सावलीत बसलेल्या असायच्या. मी जायचो, त्यांना दोन रांगांत उभं करायचो, "हसा जरा" म्हणायचो. त्या हसायच्या. मुलांना मी कधी हसायला सांगितलं नाही. एखादा हसलाच तर उलट म्हणायचो, "अरे, जिंकला ना? मंग जरा जोश दाखव."

दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कधीमधी लवकर पोचलो तर मुलींचा खेळही टिपला जायचा. रात्री कार्ड रिकामं करायला बसलो की त्यातले बहुतेक मी खोडून टाकायचो. कुणाचं तोंड वेडंवाकडं झालेलं, कुणाचे दात दिसतायत, कुणाच्या गुडघ्याला मातीरक्त, कुणाचे केस तोंडावर. "चेहरा बराबर न्हाई आला," असं स्वतःशी म्हणायचं आणि बटण दाबायचं. मुलांच्या फोटोत हेच सगळं असलं की तो फोटो मी पहिला निवडायचो.

इथे एक गिऱ्हाईक आठवतं. भोकरदनकडच्या एका गावातली आई आपल्या मुलीला घेऊन स्टुडिओत आली. स्थळाला द्यायला फोटो हवा होता. मुलगी मोरपंखी साडीत, पण खांदे असे की ब्लाउजच्या शिवणीला घाम फुटावा. कुस्ती खेळायची. चटईवर डोकं घासून घासून पैलवानांचा कान सुजतो आणि मग तो गोळा होऊन तसाच राहतो, तसा तिचा उजवा कान झालेला. आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तेवढा कान जरा साफ करून द्या. कॉम्प्युटरवर व्हतं म्हणत्यात."

मी म्हटलं, होतं की. पाच मिनिटांचं काम.

मुलीनं ऐकलं होतं. ती स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "काका, परवा आमच्या तालमीतल्या पोराचा फोटो काढला तुम्ही. त्याच्या कानावर लाइट मारून काढला. पेपरात आल्ता. माझाच काहून मिटवायचा?"

खरं होतं. त्या मुलाला मी मुद्दाम तिरका बसवला होता, कान नीट दिसावा म्हणून. पैलवानाचा कान म्हणजे त्याचं पदक. आईनं कपाळावर हात मारला. मी हसून वेळ मारून नेली आणि दोन प्रती काढल्या. एकीत कान होता, एकीत नव्हता. स्थळाकडे कोणती गेली मला माहीत नाही. पण तिचा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी त्याचं काहीच केलं नाही. चांगले प्रश्न असे खिशात पडून राहतात, धोब्याकडे गेलेल्या शर्टातल्या चिठ्ठीसारखे.

आता तो फोटो.

आठेक वर्षांपूर्वी जालन्यात राज्य पातळीवरची खो-खोची स्पर्धा झाली, सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची. दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या मुलींनी सकाळी उपांत्य सामना जिंकला. दुपारी पेपरच्या डेस्कवरून मोरेसाहेबांचा फोन आला. जिल्हा पान तेच लावायचे. म्हणाले, "मुली फायनलला गेल्यात. खेळतानाचा फोटो पाठवा. आणि चेहरे दिसले पाहिजेत. पान सजलं पाहिजे."

खेळतानाचा फोटो माझ्याकडे नव्हता. खेळ सकाळीच संपला होता. मी मैदानाच्या कडेला लिंबाखाली गेलो. मुली खिचडी खात बसल्या होत्या. त्यांना उठवलं, मैदानात नेलं आणि खो-खोच्या पाटीवर बसवलं.

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ चौकोन असतात आणि त्यांत आठ खेळाडू उकिडवे बसतात. एकीचं तोंड इकडे, तिच्या शेजारणीचं तिकडे, असे एकाआड एक. नववी पाठलाग करते आणि पळणारी पलीकडे गेली की बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो देते. असं उलटसुलट बसलेलं नसेल तर खेळच होत नाही. चौथीतल्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही होतं.

पण तसं बसवलं तर चार चेहरे दिसणार आणि चार पाठी. मोरेसाहेबांना आठ चेहरे हवे होते. मी आठही जणींची तोंडं माझ्याकडे फिरवली.

तिसऱ्या चौकोनातली मुलगी बसेना. सावळी, काटक, छातीवर बारा नंबर. म्हणाली, "काका, असं न्हाई बसत. एक इकडं, एक तिकडं ऱ्हातं."

मी म्हटलं, "मला खो-खो शिकवू नको. फोटोत असंच बसत्यात. हस जरा."

ती बसली. हसली नाही. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, वर मथळा, 'जालन्याच्या लेकींचं सोनेरी हसू.' मुलांच्या संघाचा फोटो शेजारीच होता. त्यात एक जण सूर मारून मातीत आडवा पडलेला, मथळ्यात त्याचं नाव आणि किती गडी बाद केले ते. मुलींपैकी एकीचंही नाव नव्हतं. अंतिम सामना मुली हरल्या, दुसऱ्या आल्या. दुसऱ्या नंबरचं प्रमाणपत्र प्रत्येकीला मिळालं. मी विसरून गेलो.

चारेक वर्षांनी एका दुपारी एक तरुण मुलगी स्टुडिओत आली. वडील बाहेर मोटरसायकलजवळ उभे राहिले. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढून काउंटरवर ठेवलं.

"हा फोटो तुम्हीच काढला ना, काका?"

मी चष्मा लावला. म्हटलं, "मीच. झकास आल्ता."

"ह्याच्यामुळंच माझी नोकरी अडकलीय."

तिचं नाव मनीषा. केदारखेड्याची. वनरक्षकाच्या भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर तिची निवड झाली होती. पण खेळाचं प्रमाणपत्र खरं आहे का, हे आधी तपासतात. कारण खोटी प्रमाणपत्रंही निघतात, ते काही लपलेलं नाही. मनीषाविरुद्ध कोणीतरी तक्रार केली. संघाच्या यादीत अकरा नावं टाइप केलेली आणि बारावं, हिचं, पेनानं लिहिलेलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून हिला ऐनवेळी घेतलं होतं. तक्रार करणाऱ्याचं म्हणणं, हे नाव मागाहून घुसवलं. सामन्यांचे गुणतक्ते खो-खो संघटनेच्या कपाटात होते, त्यावर छताचं पाणी गळून त्यांचा लगदा झालेला. राहिलं एकच, आईनं जपून ठेवलेलं हे कात्रण. ती ते मोठ्या आशेनं घेऊन पडताळणीच्या कार्यालयात गेली.

"मंग? फोटोत तू आहेस की," मी म्हटलं. "बारा नंबर. स्वच्छ दिसून राह्यली."

"दिसून तर राह्यले. पण साहेब स्वतः खो-खो खेळलेले. त्यांनी फोटो बघितला अन् म्हणले, आठी जणी एका बाजूला तोंड करून कुठं बसत्यात? हा फोटो बनवलेला हाय. फोटो बनवलेला, तर सर्टिफिकेट तरी कशावरून खरं?"

ती रागावलेली नव्हती. ते जास्त अवघड गेलं. कात्रणावर बोट ठेवून ती म्हणाली, "मी तवाच म्हणले होते तुम्हाला. असं न्हाई बसत म्हणून."

मला ते आठवत होतं. सोयीस्करपणे मी म्हणू शकलो असतो की नाही आठवत, पण तिचं ते न हसलेलं तोंड समोर छापलेलं होतं.

"दुसरा फोटो असंल ना काका? खरंच खेळतानाचा? एखादा तरी?"

"बघतो," मी म्हटलं. "दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं ते याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि फोटो तर सगळे माझेच होते. हार्डडिस्कमध्ये मी स्पर्धेप्रमाणे फोल्डर केलेले. आत 'मुले', 'मुली', 'पाहुणे'. मनीषाचा शोध बाजूला राहिला आणि मला भलतीच उत्सुकता लागली. मी एकेक 'मुली' उघडत गेलो. हारांसकट मुली. ढालीसकट मुली. पाहुण्यांना ओवाळणाऱ्या मुली. या तर खेळाडूच, आदल्या तासाला लांब उडी मारून आलेल्या, त्यांच्या हातात तबक दिलेलं. पेढा भरवणारी आई. रडणारी हरलेली मुलगी, अगदी जवळून. हरलेल्या मुलाचा रडतानाचा फोटो शोधला, सापडला नाही. मुलं काय रडली नसतील? मी त्यांना रडताना पाहिल्याचं मला पक्कं आठवतं. मी तेव्हा कॅमेरा खाली घेतला असणार, बिचाऱ्याची लाज राखायला. मुलीची लाज राखावी असं का सुचलं नाही?

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "ह्या समद्या खेळायच्या काय?"

"हो."

"मंग खेळून कुठं राह्यल्यात?"

मी तिला म्हटलं, चहा ठेव आणि जा. नंतर त्याबद्दल तिची माफी मागितली.

त्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाच्या 'मुली'त मांडून काढलेले पाच फोटो होते, पाचही एकसारखे. 'मुले'त ढीग. 'पाहुणे' उघडायचं कारण नव्हतं, पण मी उघडलं. पहिलाच फोटो रिकाम्या स्टेजचा.

ही माझी एक सवय. पाहुणे येण्याआधी रिकाम्या खुर्च्यांचा एक फोटो मारून प्रकाश तपासायचा. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. तो कोणाला दाखवायचा नसतो, म्हणून मी तो कधी नीट बघतही नाही आणि खोडायचंही राहून जातं. त्या दिवशी पाहुणे आधी सकाळी दहाला येणार होते, म्हणून मी लवकर पोचलो होतो. मग त्यांची वेळ पुढे गेली. फोटोत पांढऱ्या खोळी घातलेल्या पाच खुर्च्या अगदी काटेकोर, शिवणीचा दोरासुद्धा दिसावा अशा. स्टेजच्या बाजूला फळा. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'मुली, उपांत्य', खाली दोन्ही जिल्ह्यांची नावं. आणि फळ्याच्या पलीकडे, डाव्या कोपऱ्यात, थोडी धूसर, एक मुलगी हवेत आडवी.

मी मोठं करून पाहिलं. एक हात खांबाला, दुसरा पुढे ताणलेला, बोटं पळणारीच्या पाठीपासून वीतभर. पाय जमिनीपासून वर, दोन्ही. वेणी सुटून आडवी उडालेली. तोंड उघडं, गालावर माती. पाठीवर बारा.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळाचा फोटो आहे आणि मी तो खुर्च्यांचा म्हणून काढला. माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर राज्याचा उपांत्य सामना चालला होता आणि मी खुर्च्यांवरचा प्रकाश बघत होतो. त्यानंतर काय केलं तेही आठवलं. पाहुणे आले नाहीत म्हणून मी चहा प्यायला गेलो होतो. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं. ती कोपऱ्यात होती म्हणूनच वाचली होती. मधोमध असती तर 'तोंड बराबर न्हाई' म्हणून मीच तिला खोडलं असतं.

मनीषाला बोलावलं. ती पडद्यासमोर बसली आणि फोटोच्या कोपऱ्याकडे वाकून बघत राहिली. मला वाटलं, धूसर आहे म्हणून निराश झाली.

"चालंल का गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मी एवढी वर गेल्ते?"

नऊ वर्षं खो-खो खेळली होती ती. स्वतःला खेळताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

पडताळणीच्या कार्यालयात मी तिच्यासोबत गेलो. तिथले साहेब पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी ट्रायलचा फोटो भिंग लावून पाहिला. फळा, नंबर, खांब. मग कात्रण पुढे केलं.

"हा फोटो तुमचा?"

"हो साहेब."

"असं बसायला कोणी सांगितलं? कोचनं?"

"मी सांगितलं."

"तुम्हाला खो-खो येत नाही?"

"येतो, साहेब. चेहरे दिसावेत म्हणून बसवलं. ही मुलगी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

साहेबांनी कात्रण खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. विचारलं, "मुलांना कधी असं बसवलंत?"

"नाही."

"का?"

मला उत्तर तयार असायला हवं होतं, त्या दोन दिवसांत मी दुसरा विचारच केला नव्हता. म्हटलं, "मुलांना बसवावं लागत नाही, साहेब. त्यांचा खेळ आम्ही बघतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "हे लेखी द्या. तुमच्या अक्षरात."

मी लिहिलं. सदर छायाचित्र खेळाचे नसून मी स्वतः मांडून घेतले आहे, खेळाडूने हरकत घेतली होती, ती मी मानली नाही, यात तिचा कोणताही दोष नाही. खाली नाव, गाव, सही. तीस वर्षांत माझं नाव फोटोखाली शेकडो वेळा बारीक अक्षरात छापून आलं. ते मोठ्या अक्षरात लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

इथे गोष्ट गोड संपली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी काम चोख केलं, पण चोख कामाला वेळ लागतो. त्या सामन्याचे पंच शोधले, ते परगावी गेलेले. समोरच्या संघातली ती पळणारी मुलगी शोधली, तिचं लग्न होऊन आडनाव बदललेलं. तिनं मात्र फोटो बघताच सांगितलं म्हणे, "हीच ती, हिनंच मला बाद केलं होतं." प्रमाणपत्र खरं ठरलं. तोवर त्या भरतीची मुदत संपून मनीषाची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली होती. पुढची भरती निघायला, पुन्हा पळायला, पुन्हा निवड व्हायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत तिच्या घरी कोण काय बोललं असेल, किती स्थळं येऊन गेली असतील, ते मी तिला विचारलेलं नाही. माझ्या एका फोटोनं तिची दोन वर्षं घेतली, एवढं मला कळतं.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. आता ती नोकरीवर आहे, रजेला गावी आली होती. "काका, शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवून राह्यले. सकाळी साडेसहाला या. पाहुणा कुणी न्हाई."

मी गेलो. केदारखेड्याच्या त्या मैदानावर दव होतं, खांब बाभळीचे होते. मनीषा खाकी पँट आणि टीशर्टमध्ये, शिट्टी गळ्यात. तिच्याभोवती पंधरा-वीस मुली, कोणी पाचवीतली, कोणी नववीतली. मी गुडघे टेकले. साठी उलटल्यावर गुडघे टेकणं सोपं नसतं, हाडांनी आवाज केला. पहिला अर्धा तास मला एकही फोटो धड मिळाला नाही. मी बटण दाबेपर्यंत मुलगी फोटोतून निघून गेलेली असायची. मुलांच्या खेळात पुढे काय होणार ते मला डोळे मिटून कळायचं; इथे माझा हात दरवेळी उशिरा पडत होता. इतकी वर्षं बघितलंच नव्हतं, तर कळणार कुठून? मी तिथे अगदी नवशिका होतो आणि, काय सांगू, मला फार मजा येत होती.

मग डाव बदलला आणि आठ जणी पाटीवर बसल्या. बसता बसता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. कॅमेरा बघितला आणि काय झालं कोण जाणे, कोणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, आठही जणींनी एकेक करून तोंडं माझ्याकडे फिरवली. वेण्या पुढे घेतल्या. हसल्या.

मी कॅमेरा खाली घेतला.

"तोंडं फिरवा!" मनीषा मैदानाच्या त्या टोकाहून ओरडली. "फोटो न्हाई चालला इथं, खेळ चाललाय! एक इकडं, एक तिकडं!"

चार जणी वळल्या. शिट्टी वाजली. आणि लगेच त्या मला विसरल्या.

त्यातला एक फोटो मी मोरेसाहेबांना पाठवला. तेही आता निवृत्तीला आलेत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "फोटो चांगलाय हो. पण चार पोरींची नुसती पाठच दिसते. चेहरे दिसतील असा दुसरा नाही का?"

मी म्हटलं, "नाही, साहेब. खो-खोत असंच बसतात."